रिकाम्या यानाचे फोटो

दादा घरून गेल्यावर कित्येक महिने त्याची काही खबर नव्हती, आणि मग एक दिवस पोस्टमनने जाड पाकीट आणून दिलं. आत चिठ्ठी नव्हती. पोस्टकार्डाएवढे काही रंगीत फोटो होते आणि एकाच्या मागे पेन्सिलीने 'बरा आहे' एवढंच लिहिलं होतं. आई पिठाचे हात लुगड्याला पुसत बाहेर आली. तिने ते फोटो एकेक करून पाहिले, पुन्हा पाहिले, मग उलटे करून पाहिले. "याच्यात थो कुठी हाय?" तिने मला विचारलं. तो कुठेच नव्हता. कोणीच नव्हतं. फोटोत एक मोठी चंदेरी खोली होती, तिच्या भिंतींवर बटणांच्या रांगा, मधोमध एक उंच खुर्ची आणि समोर काळ्याभोर खिडकीत चांदण्या. ते अंतराळयान आहे हे मला जरा वेळाने उमगलं. आईला ते सांगितलं तर ती म्हणाली, "यान असू दे बाई, पन मानसं कुठी गेले?"

आम्ही अकोल्याच्या जुन्या शहरात राहायचो, मोर्णा नदीच्या अलीकडे. बाबा एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचे ग्रेडर होते. मूठभर कापूस घ्यायचा, दोन्ही हातांच्या बोटांनी तंतू ओढायचा आणि धागा किती लांब निघेल ते सांगायचं, हे त्यांचं काम. हंगामात जिनाची घरघर आमच्या घरापर्यंत ऐकू यायची आणि बाबांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाची बारीक लव चिकटलेली असायची. जेवायला बसण्याआधी आई ओल्या फडक्याने ती पुसून काढायची. बाबा कमी बोलायचे. जे बोलायचे ते ठाम बोलायचे. ताटात ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल, आणि घरात फक्त चावण्याचा आवाज, अशी आमची जेवणं.

दादा म्हणजे मनोहर. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याचे हात कधी रिकामे नसायचे. घर सोडण्याच्या आदल्या वर्षी मंडळाच्या गणपतीसमोर त्याने चंद्रावर उतरलेल्या यानाचा देखावा केला होता. दोन महिने तो मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून होता. खळीचं भांडं आणि चंदेरी कागद घेऊन मीही रोज शाळेनंतर तिथे. देखावा पाहायला बार्शीटाकळीपासून लोक आले, रांगा लागल्या. त्याच दिवसांत मुंबईची एक नाटक कंपनी गावात आली होती. त्यांच्या नेपथ्याच्या माणसाने देखावा पाहिला आणि दादाला म्हणाला, कधी वाटलं तर ये. पुढे परीक्षेचा निकाल लागला आणि दादा दुसऱ्यांदा नापास झाला. बाबांनी भाकरी मोडता मोडता, आवाजही न चढवता म्हटलं, "एवढाच जीव लागला असन त्या फळकुटात, तं तिथंच जाऊन राह्य." दादाने ताटातलं संपवलं, ताट उचलून मोरीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तेव्हा तो नव्हता. आईने पेटी उघडून पाहिली, मग अंथरुणाची चळत मोजली. एक गोधडी कमी होती. "गोधडी नेली त्यानं," ती म्हणाली आणि तेवढ्याने तिला जरा बरं वाटलेलं दिसलं.

तो गेल्यावर घर किती गप्प झालं ते सांगता येत नाही. मला मैत्रिणी नव्हत्या असं नाही, पण शाळा सुटली की त्या त्यांच्या घरी जायच्या आणि मला घरी जावंसं वाटायचं नाही. मंडळाच्या शेडला कुलूप होतं. फटीतून आत पाहिलं तर चंद्राचे थर्माकोलचे तुकडे कोपऱ्यात टाकलेले दिसायचे. घरी आई शिवण घेऊन बसायची, बाबा आले की वर्तमानपत्रात डोकं घालायचे. दादाचं नाव कोणी काढत नव्हतं. शेजारच्या शमीमखाला तेवढ्या विचारायच्या. त्यांच्या मालकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि गल्लीतला एकुलता टीव्ही त्यांच्याकडेच. भिंतीवरून वाटी देता देता त्या म्हणायच्या, "काय गं कुंदा, लडक्याची काही खबर?" मी मान हलवायची.

म्हणून ते फोटो आले तेव्हा मी त्यांच्यावर तुटून पडले. बाबांनी त्यांना हात लावला नाही. पाकीट कोनाड्यात ठेवलेलं त्यांना दिसत होतं, तरी ते त्याच्या शेजारचा कंगवा उचलायचे आणि निघून जायचे. मी मात्र ते जिनात गेले की कापसातली कीड अन् कचरा पाहायचं त्यांचं जुनं भिंग काढायची आणि दारातल्या उजेडात बसून फोटो बघायची. पहिल्यांदा नुसतं यान दिसलं. मग हळूहळू यान दिसेनासं झालं आणि ज्यांचं ते केलं होतं त्या वस्तू दिसायला लागल्या. भिंतीवरचे ते मधाच्या पोळ्यासारखे फुगवटे म्हणजे अंडी ठेवायचे पुठ्ठे होते, चंदेरी रंग मारलेले. बटणं म्हणजे औषधाच्या बाटल्यांची झाकणं. पुढे पुढे आईही माझ्याजवळ येऊन बसायला लागली. एका दुपारी तिने भिंतीवरच्या एका गोल जाळीवर बोट ठेवलं, जिच्यातून बहुधा यानाचा आवाज येत असावा. "हे तं पुरनयंत्राची चाळनी हाय," ती म्हणाली. आणि ती होती. आई पदर तोंडाला लावून हसली. दादा गेल्यापासून मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहत होते.

त्यानंतर दर एक-दोन महिन्यांनी पाकीट यायचं. कधी मागे 'बरा आहे', कधी तेही नाही. पत्ता कधीच नाही. नवीन फोटो आले की मी जुने शेजारी मांडायची आणि काय बदललं ते शोधायची. कप्तानाची खुर्ची न्हाव्याच्या दुकानातली होती. खाली पाय ठेवायच्या लोखंडी पट्टीवरचा रंग प्रत्येक फोटोत थोडा जास्त उडालेला असायचा. छतावरून जाणारी नळी कूलरची होती. खिडकीतल्या चांदण्या म्हणजे काळ्या कापडाला पाडलेली भोकं, मागून दिवा. एका ठिकाणी कापड फाटलं होतं आणि कोणीतरी ते आतून टाके घालून शिवलं होतं. ते टाके मी भिंगातून किती वेळ पाहिले असतील. दादा असेच तिरके टाके घालायचा. फोटोत तो नव्हता. पण हा टाका घालताना तो नक्की तिथे उभा होता, असं मी स्वतःशी म्हणायची.

आता, अमरावतीच्या या घरात, हेच फोटो टेबलावर आहेत. मागच्या महिन्यात एक तरुण मुलगा भेटायला आला होता. जुन्या मालिकांची माहिती गोळा करायचा त्याला छंद आहे. हे यान ज्या टीव्ही मालिकेसाठी केलं होतं ती आज कोणाला आठवत नाही, पण त्याला ठाऊक होती. तो फोनवर फोटो मोठे करून पाहत होता आणि विचारत होता, हे पॅनल कशाचं असेल, काकू? मी सांगत गेले. पुठ्ठा, झाकण, चाळणी, नळी. त्याने विचारलं, तुम्ही सेटवर होता का? मी म्हटलं, मी मुंबई पाहिली तीसुद्धा उतारवयात. तो चहा घेऊन गेला. पण फोटो मला लगेच आवरावेसे वाटले नाहीत. जेवणाचं ताटही मी टेबलाच्या एका कोपऱ्यावरच मांडत राहिले.

तर, पुढच्या वर्षीची दिवाळी झाल्यावर, जिनाचा हंगाम ऐन भरात असताना एक पाकीट आलं. त्यात एक फोटो निराळा होता. बाकीचे समोरून काढलेले असायचे, हा बाजूने काढला होता. यानाची भिंत जिथे संपत होती तिथून तिची मागची बाजू दिसत होती. पुढून चंदेरी असणारी ती भिंत मागून नुसती प्लायवूडची होती, आडव्याउभ्या पट्ट्या ठोकलेली, तिरक्या लाकडांनी टेकू दिलेली, खाली वाळूच्या पिशव्या. मला त्याचं मोठं कौतुक वाटलं. मी भिंग घेऊन पट्ट्या कशा जोडल्यात ते पाहायला लागले. ती भिंत आणि मागची खरी विटांची भिंत यांच्यात माणूस जेमतेम आडवा होईल एवढी जागा होती. तिथे एक दोरी बांधलेली होती आणि दोरीवर शर्ट वाळत होता. खाली एक स्टोव्ह, एक जर्मनचं पातेलं. आणि टेकूला लावून ठेवलेली अंथरुणाची वळकटी. वळकटीच्या बाहेरच्या घडीवर पिवळ्या कापडाचं ठिगळ होतं, पिवळ्यावर लाल छत्र्या. तो माझा फ्रॉक होता. तिसरीत असताना मला तोकडा झालेला.

मी भिंग खाली ठेवलं. आई स्वयंपाकघरात जवस भाजत होती, त्याचा वास घरभर झाला होता. मला तिला हाक मारता येईना. इतके दिवस आम्ही दोघी हसून ज्या खोलीत बटणं अन् चाळण्या शोधत होतो, तिच्या मागच्या फटीत तो राहत होता. बाबांनी म्हटलं होतं तसा, त्या फळकुटातच, अगदी शब्दाबरहुकूम. मी फोटो पुन्हा उचलला. विटांच्या भिंतीवर पांढऱ्या रंगात 'धूम्रपान मना है' असं लिहिलेलं होतं आणि त्याच्या खाली स्टुडिओचं नाव. अर्धं शर्टाने झाकलेलं, पण वाचता येण्यासारखं.

तो फोटो मी आईला दाखवला नाही. भूगोलाच्या पुस्तकात घालून ठेवला. रात्री मी माझ्या गोधडीत पडायची आणि मला वाटायचं, हे आता जगात फक्त मला माहीत आहे. तेव्हा वाटलेलं एकटेपण मला पुढे कधी, अगदी अलीकडेही, तसं वाटलं नाही. आता मी एकटी राहते, पण ते वेगळं. तेव्हा घरात दोन माणसं होती आणि मी त्यांच्यात बसून जेवत होते. शेवटी मला ते झेपेना. एका दुपारी बाबांचा डबा घेऊन जायची वेळ आली तेव्हा मी पुस्तकातून फोटो काढला, भिंगही घेतलं आणि जिनात गेले.

बाबा कापसाच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. मी डबा दिला, मग फोटो दिला. त्यांनी तो घेतला नाही. "घरी पाह्यतो," ते म्हणाले.

"घरी नका पाहू," मी म्हटलं. "आईले मी दाखवला नाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोटो हातात घेतला. मग भिंग घेऊन ते दाराकडे उजेडात गेले. कापूस पाहायचे तसेच पाहत होते, मान तिरकी करून, ओठ घट्ट मिटून. किती वेळ झाला कोणास ठाऊक. आत यंत्रं चालू होती, त्यामुळे काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. ते परत आले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "हे तुह्याच फ्राकचं ठिगळ ना?"

"हो."

"जेवला कुठी असन थो," ते म्हणाले. ते मला उद्देशून नव्हतं. त्यांनी फोटो खिशात ठेवला. डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला सांगितलं, मालाचे नमुने घेऊन मुंबईला जाऊन येतो. हंगाम अर्धवट टाकून बाबा कधी कुठे गेले नव्हते.  निघायच्या दिवशी आई सकाळपासून दशम्या करत होती, एका माणसाला आठ दिवस पुरतील एवढ्या. जवसाची चटणी बांधली, तिळाचे लाडू बांधले, आणि वर स्वतःहून एक नवी चादर ठेवली. "नमुन्याच्या संगं ठेवजा," ती म्हणाली. तेव्हा मला समजलं की फोटो न पाहताही तिला काही कळायचं राहिलं नव्हतं.

बाबा चौथ्या दिवशी आले. एकटेच. मी दारात बसून होते, आणि त्यांच्या मागे दुसरं कोणी येत नाही हे मला गल्लीच्या टोकापासूनच दिसलं. त्यांनी पाय धुतले, पाणी प्यायले. आई समोर उभी होती. "बरा हाय," ते म्हणाले. "दशम्या खाल्ल्या त्यानं. माह्या समोर खाल्ल्या." आईने विचारलं, "राह्यते कुठी?" बाबा म्हणाले, "खोली घेतली त्यानं. चांगली हाय." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि खोली नसल्याचं मला तिथेच समजलं.

महिन्याभराने पाकीट आलं. त्यात पहिल्यांदा माणूस होता. कप्तानाच्या त्या उंच खुर्चीत बाबा बसले होते, धोतर, पांढरी टोपी, दोन्ही हात गुडघ्यांवर, कपाळाला आठ्या. मागे सगळ्या चांदण्या पेटलेल्या. आई तो फोटो सोडेना. "थो काहून नाई बसला बाजूले?" तिने बाबांना विचारलं. "त्यानंच तं काढला," बाबा म्हणाले. आईने माझ्या हातातून भिंग घेतलं आणि फोटोतल्या बाबांच्या चष्म्याच्या काचेवर धरलं. तिथे काही तरी होतं, एक काळसर ठिपका, फोटो काढणाऱ्याने कोपर वर उचललं असावं असा. ती म्हणाली, वाळला हाय. मी भिंग घेतलं, मला फक्त ठिपका दिसला. पण मी म्हटलं, हो, वाळला हाय.

पुढे ती मालिका टीव्हीवर आली. आम्ही सगळे शमीमखालांकडे पाहायला गेलो, गल्ली लोटली होती. टीव्ही काळा-पांढरा होता, त्यामुळे चंदेरी काय आणि विटकरी काय, सगळं सारखंच. यानावर हल्ला झाला, खोली हलायला लागली, माणसं इकडून तिकडे पडत होती. पोरं ओरडत होती. मी माणसांकडे पाहतच नव्हते. ती भिंत हलत होती आणि माझा जीव तिच्या मागे अडकला होता. शमीमखालांनी विचारलं, "इसमें मनोहरनं कोन्तं केलं?" आई म्हणाली, "सगळं." शेवटी नावं आली ती भराभर वर निघून गेली. दादाचं नाव त्यात होतं की नव्हतं, यावर गल्लीत बरेच दिवस वाद चालला. मालिका थोड्याच भागांत बंद पडली.

दादा परत राहायला आला नाही. माझ्या लग्नात दोन दिवस आला आणि त्याने मांडवाचं प्रवेशद्वार केलं. तो काम करत असताना मी हळद लावलेली, त्यामुळे मला बाहेर जाता येईना. खिडकीतून त्याची पाठ पाहिली. पुढे त्याची खोली झाली, मग घर झालं, कामं मिळत गेली. संसार त्याने केला नाही. फोनवर आम्ही तब्येतीचं बोलायचो, हवामानाचं बोलायचो. तो गेल्याची बातमीही फोनवरच आली. त्याच्या सामानात आमचा एकही फोटो निघाला नाही. कुठून निघणार? आम्ही त्याला कधी पाठवलाच नव्हता. सुरुवातीला पत्ता नव्हता, आणि पुढे पाठवायचं कोणाला सुचलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याआधीचं. आई गेल्यानंतर बाबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे अमरावतीला येऊन राहिले होते. हे ऑफिसात गेलेले, मुलगी शाळेत. उन्हाळा होता, कूलर लावून आम्ही दोघंच बसलो होतो. मी त्यांच्या डोळ्यात औषधाचे थेंब टाकले. डोकं मागे टेकवून, डोळे मिटून ते पडले होते आणि तसेच, डोळे न उघडता बोलायला लागले.

"कुंदे, मी तवा त्याले आनाले गेलो होतो."

"माहीत हाय मले."

"पन मी त्याले चाल म्हनलंच नाई."

 इतकी वर्षं मी धरून चालले होते की दादानेच नाही म्हटलं असेल.

"मी गेलो तवा थो शिडीवर होता," बाबा म्हणाले. "खालून लोकं हाका मारून राहिले होते. मनोहर, इकडं ये. मनोहर, हे कुठी ठोकू. इकून एक, तिकून एक, अन् थो सगळ्याइले ओ देत होता. मी दारापाशी उभा राहून पाहून राहिलो. मंग मले वाटलं, याले इथं हाक माराले एवढी मानसं हायेत. आपल्या घरी कोन मारत होतं याले हाक?"

मी मारत होते. शाळेतून आल्यावर दप्तरही खाली न ठेवता, गल्लीच्या तोंडापासूनच मी दादा म्हणून ओरडायची, रोज, आणि तो आतून ओ द्यायचा. तेव्हा बाबा जिनात असायचे. त्यांना ते कधी ऐकू आलं नव्हतं.

त्यांच्या गालावर औषधाचा एक थेंब ओघळला होता, तो मी बोटाने पुसला. म्हटलं, "पडून राहा बाबा. अजून डोळे उघडू नका."